पोर्तुगाल ते मरोदा: एकतीस तास दहा मिनिटं

प्रिय बाबा,

जयभीम.

उद्या तुम्हाला जाऊन वर्ष होईल, आणि आज सकाळी आईनं तुमची ड्यूटीची बॅग माझ्या हातात दिली. तीच, खाकी कॅनव्हासची, पट्टा दोनदा शिवलेला. रिटायर झाल्यावरही तुम्ही हीच घेऊन भाजीला जायचे, दवाखान्यातही हीच नेली होती. तिथून परत आली ती सरळ खुंटीवर. वर्षभर आईनं कोणाला हात लावू दिला नाही. आज म्हणाली, "मितू, तूच धू व. उद्या लोकं येतीन, किती धूळ बसली पाय तिच्यावर."

धुण्याआधी रिकामी केली. शिट्टी निघाली. हिरवी झेंडी निघाली, पोलादाच्या प्लांटमधल्या गाड्यांना दाखवायची, नीट घडी घातलेली. कंगवा, चष्म्याचं घर, सुकून दगड झालेलं अर्धं लिंबू. (लिंबू कशाला हो, बाबा?) आणि सगळ्यात खाली ती लाल पाठीची छोटी वही.

बॅग अजून धुतली नाही. बादलीतला फेस बसून गेला. मी मागच्या अंगणात तुमच्या स्टुलावर बसले आहे आणि हे लिहून राहिले आहे, कारण आता लिहिलं नाही तर मी परत कुठंतरी निघून जाईन आणि राहून जाईल. ओळखताच तुम्ही मला.

चुका होतील. शाळा हिंदीतली, आणि तीही मी कुठे धड केली! मराठी अक्षरं तुम्हीच शिकवली, रविवारी, पेपरातल्या मोठ्या बातमीवर बोट ठेवून. म्हणून लिहायला बसले की पेपरची मराठी येते आणि बोलायला लागले की आपली. चालवून घ्या.

आधी माझा गुन्हा सांगते.

मी पहिल्यांदा पोर्तुगालला गेले तेव्हाची गोष्ट. त्याच्याआधी आयटीआय अर्धी सोडून झाली होती, गोव्यात हॉटेलच्या किचनमध्ये कांदे कापून झाले होते, मनालीला तंबूवाल्याकडे एक सीझन झाला होता. मग एका मैत्रिणीच्या मागे लागून थेट समुद्रापलीकडे, रासबेरी तोडायला. बाबा, रासबेरी फार नाजूक असते. बोट जरा जास्त दाबलं की हातात नुसता रस, आणि मुकादम त्याच्या भाषेत काय बोलतो ते न समजताही समजतं. पहिल्या आठवड्यात माझी बोटं अशी लाल झाली होती की मला तुमचा ड्यूटीवरून आलेला शर्ट आठवला. तुमचा लाल प्लांटच्या धुळीचा होता, माझा फळाचा, एवढाच फरक!

हां, गुन्हा. तुम्ही फोनवर विचारलं, "किती दूर हाये व ते?" मागून आईचा आवाज आला, "काही झालं तर येता येईन का म्हणा तिले लवकर?"

मी मोबाईलवर दोन विमानतळांची नावं टाकली. रायपूर, लिस्बन. त्यानं जगाच्या नकाशावर एक वाकडी रेघ ओढली आणि सांगितलं, साडेआठ हजार किलोमीटरच्या वर, उडायला साडेदहा तास. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की अशी थेट फ्लाइट नाही. ते मी वाचलं नाही. खरं सांगू? वाचलं. तुम्हाला वाचून दाखवलं नाही.

"साडेदहा तास, बाबा! तुमची एक शिफ्ट अन् वरून थोडा ओव्हरटाइम."

"बस? एवढंच?" तुम्ही म्हणाले. आईनं सोडलेला श्वास मला इकडे ऐकू आला. मग मी कशाला दुरुस्त करते?

तुम्ही तर तो आकडा भिलाईतल्या आपल्या साऱ्या मरोद्यात फिरवला. किराणावाल्याला सांगितलं, विहारात सांगितलं. शेजारच्या साहू काकीला तर अंगणातून ओरडून सांगितलं असणार, कारण मी आले तेव्हा तिनं आधी तेच विचारलं, "कइसे नोनी, साढ़े दस घंटा म आ गेस? मोर टुरा ल त बिलासपुर ले आय म दिन भर लग जथे!" तिच्या पोराला बिलासपूरहून यायलाच दिवस लागतो, आणि मला साडेदहा तास! मी हसून मान हलवली. पाय सुजून चपलेत मावत नव्हते माझे.

आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला आले होते ना, तेव्हाचं हे. त्या प्रवासात मी प्रत्येक ठिकाणाहून तुम्हाला मेसेज करत होते. बस मिळाली. विमानतळावर पोचले. विमानात बसले. उतरले, आता बसून आहे. आणि तुम्ही? उत्तरात नुसती वेळ! "१३.१०." "१६.५०." अरे! मी मधल्या विमानतळावरून चिडून फोन केला, "बाबा, जेवली का, बरी आहेस का, असं काहीतरी लिहा ना. हे काय गाडीचं लावलं?"

तुम्ही म्हणाले, "जेवली का?"

"जेवले."

"बरं." आणि लगेच मेसेज. पुन्हा वेळ!

घरी पोचले तेव्हा तुम्ही दारातच उभे होते. मला वाटलं आता मिठी मारतील. तुम्ही आधी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. मला किती राग आला होता! दोन वर्षांनी लेक येते आणि बाप घड्याळ पाहतो?

आता मागच्या वर्षीचं, तुम्ही गेले तेव्हाचं लिहिते.

दादाचा फोन आला होता सोमवारी. "बाबाले ॲडमिट केलं, छातीत दुखून राहिलं होतं. गॅस असन म्हणते डॉक्टर. तू येऊ नोको आत्ता, मी सांगतो." मी थांबले. मंगळवारी तुमच्याशी बोलले, आवाज बारीक होता पण तुम्ही माझ्या मुकादमाची चौकशी केली. बुधवारी मी शेतात होते, तिथं साडेअकरा वाजले होते, इथं चार. हातात भरलेला ट्रे होता. दादा नुसता "मितू" म्हणाला आणि मी ट्रे खाली ठेवला. टाकला नाही, ठेवला. सवय.

तिकीट मिळायला बारा तास गेले. निघाले. लिस्बनला विमानात चढायच्या रांगेत उभी होते तेव्हा दादाचा दुसरा फोन, "झालं सगळं, मितू. आत्ताच घाटावरून आलो. तू आरामात ये."

आरामात! रांग पुढं सरकली, मी पण सरकले. अजून तेवीस तासांचा रस्ता होता. कुणाकडे चालले होते मी?

आणि सगळा रस्ताभर एकच गोष्ट डोक्यात. सोमवार दुपार ते बुधवार दुपार, दोन दिवस तुम्ही त्या पलंगावर होते. दोन दिवसांत साडेदहा तास चार वेळा बसतात, बाबा. म्हणजे तुम्ही पडल्या पडल्या मोजलं असणार. आता येईल. आता यायला पाहिजे होती. साडेदहा तासांचीच तर गोष्ट, तरी पोरगी आली नाही. मीच तो आकडा तुमच्या हातात दिला होता ना! तुम्ही डोळे मिटले ते दाराकडे पाहत, माझ्यावर नाराज होऊन, असंच मी धरून बसले.

घरी पोचले ती भांडायलाच. तुम्हाला कोणी सांगितलं असेल तर असेल, पण माझ्या तोंडून ऐका. अंगणात पाहुणे बसले होते, सगळ्यांसमोर दादाला म्हटलं, "एक दिवस! एक दिवस थांबता नाही आलं तुले? भिलाईत बर्फ भेटत नाही का? लेक होती म्हणून? पोरगा असता तर थांबले असते ना?"

दादा म्हणाला, "बाबानंच सांगितलं होतं, थांबू नका म्हणून."

"बाबाचं नाव घेऊ नोको!" आणि मी चप्पल फेकून मारली. हो, त्याला. पाच दिवस राहिले, एक शब्द बोलले नाही, गेले. वर्षभर त्याचे फोन उचलले नाहीत. परवा आले तेही कोणाला न कळवता, एकही मेसेज न करता. कोणाला करायचा होता? वेळ लिहून पाठवणारं कोण होतं?

आता वही.

पहिल्या पानांवर दुधाचा हिशोब, बीपीच्या गोळ्या, विहाराच्या पुस्तकांची यादी. मग एक पान उलटलं आणि वर तुमच्या त्या ठाशीव अक्षरात, "मितूचा रूट." खाली रेघ. त्याखाली माझा तो सगळा प्रवास, आईच्या ऑपरेशनच्या वेळचा. शेत ते बस, चाळीस मिनिटं. बस ते लिस्बन, तीन तास. लिस्बनला उभी, चार तास. माझा एक-एक मेसेज तुम्ही गाडीच्या येण्याजाण्यासारखा टिपला होता! रायपूरला बॅग यायला अर्धा तास लागला, तोही आहे. शेवटची नोंद, "दारात." म्हणून घड्याळ पाहिलं होतं तर! आणि मी वर्षानुवर्षं त्याचा राग धरून बसायच्या तयारीत होते.

खाली बेरीज, तुमच्या गाड्यांच्या भाषेत: चालण्याचा वेळ रनिंग, नुसतं उभं राहण्याचा डिटेन्शन. "रनिंग १७.१०. डिटेन्शन १४.००. एकूण ३१.१०." आणि त्याच्याखाली, "नेटवर १०.३० दाखवते. ते सरळ उडालं तर. सरळ कोणी उडत नाही."

मी मोठ्यानं हसले, बाबा. कोंबडी दचकून पळाली साहू काकीची.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं! माझा साडेदहाचा आकडा तुम्ही तेव्हाच खोडून टाकला होता. आणि तरीही त्यानंतर विहारात, किराण्यावर, साडेदहाच सांगत राहिले? का? तेही लिहिलंय तुम्ही, कोपऱ्यात, "मितूले बोलायचं नाही. तिनं तिच्या आईसाठी सांगितलं. राहू द्या."

मग तीन पानं कोरी. मग शेवटची नोंद. तारीख नाही, नुसतं "मंगळवार, वॉर्ड." अक्षर हललेलं. ते मी जसंच्या तसं इथं उतरवते, कारण मला ते माझ्या हातानं एकदा लिहायचं आहे:

"मितूले तिकीट धरून पावणेदोन दिवस लागन. मध्ये काही झालं तर गाडी उभी करायची नाही. हॉट मेटल हाये. दादूले सांगितलं. तो कच्चा हाये म्हणून त्याच्या आईले पण सांगितलं. मितू रागावन. रागावू द्या. कोणी वाट पाहिलीच नाही तर पोरगी लेट कशी?"

हॉट मेटल! मी आठ वर्षांची असेन, तुम्ही मला सायकलच्या दांड्यावर बसवून प्लांटच्या भिंतीबाहेरच्या त्या उंचवट्यावर नेलं होतं. आतल्या रुळांवरून ती गाडी चालली होती, मोठमोठ्या बादल्यांत भट्टीतून काढलेलं पातळ लोखंड, वरची हवा लाल झालेली. तुम्ही म्हणाले, "ही गाडी कोणासाठी थांबत नाही. रस्त्यात उभी केली का लोखंड आतच गोठते. मग ना लोखंड कामाचं, ना बादली. मोठ्या साहेबाची कार फाटकावर असो का साहेबाचा बाप असो, पहिले ही जाईन." आयुष्यभर तुम्ही हिरवी झेंडी घेऊन त्या गाडीपुढचा रस्ता मोकळा केला. मग स्वतःचा रस्ता कोणाला अडवू देणार होते?

वही घेऊन आईकडे गेले. ती उद्यासाठी तांदूळ निवडून राहिली होती. मी तिला वाचून दाखवलं. तिनं तांदळातून मान वर केली नाही.

"मले माहीत हाये. माह्यासमोरच लिहिलं त्याइनं."

"मग तू मले सांगितलं कावून नाही?"

"सांगितलं ना! तवा तू ऐकून राहिली होती का? तू तर बॅग भरून राहिली होती." खडा काढून तिनं बाजूला ठेवला. "तुह्या आजीच्या वेळेस तुह्या काकासाठी दोन दिवस थांबले होते सगळे. बर्फावर ठेवली होती बुढीले. काका आला, अन् मरेपर्यंत एकच बोलत राहिला, माह्यासाठी मायले थांबा लागलं. तुह्या बाबाले ते लागलं होतं. म्हणे, मितूच्या मागं असं ओझं नाही लावायचं."

मी तिच्याजवळ बसून दोन खडे वेचले. मग विचारलं, "अन् ते साडेदहा तास? तुले खरंच वाटत होतं?"

"मी येडी हाओ का व? तू आली तवा तुह्यं तोंड पाहिलं मी. साडेदहा तासाचं तोंड होतं का ते? दोन दिवसाचं होतं! पण तुह्या बाबाले तेवढंच बरं वाटते म्हणून मी म्हटलं, राहू दे."

बघा! मी आईसाठी खोटं बोलले, तुम्ही आईसाठी ते चालवलं, आणि आई तुमच्यासाठी! तिघांनाही खरं माहीत होतं आणि तिघंही साऱ्या मोहल्ल्याला साडेदहा सांगत होतो. फसली कोण? एकटी साहू काकी!

दादा समोर खुर्च्या मोजून घेत होता, उद्याच्या. मी जाऊन वही त्याच्यापुढं धरली. त्यानं उभ्या उभ्या वाचली. "कच्चा हाये" तिथं थोडा थांबला. मग म्हणाला, "म्हटलं होतं का नाही मी तुले?"

"म्हटलं होतं."

"चप्पल मारली होती तू मले."

"सॉरी, दादा."

"लागली नव्हती. लहानपणापासून तुहा नेमच खराब." मग खुर्चीवर बसला, वही मांडीवर ठेवून. "बर्फ सांगितला होता मी. बाबानं नाही म्हटलं तरी सांगितला. गाडी दारात आली होती बर्फाची. सगळे म्हणून राहिले होते, एकुलती एक बहीण हाये, थांब. आईनं परत पाठवली ती गाडी. मले वाटलं, चुकलंच आपलं. वर्षभर तेच वाटून राहिलं होतं." त्यानं त्या ओळीवरून अंगठा फिरवला, जसं तुम्ही पेपरवर बोट फिरवायचे. "लिहून ठेवलं म्हाताऱ्यानं. मले सांगायचं तरी का लिहिलं हाये म्हणून!"

हीच माझी पण तक्रार आहे, बाबा. एवढं सगळं टिपलं, बॅग यायचा अर्धा तास टिपला, आणि ते पान बॅगेच्या तळाशी लिंबाखाली ठेवून गेलात? मंगळवारी फोनवर मुकादमाची चौकशी केली त्याऐवजी हे बोलले असते तर? नाही, कळतं मला. बोलले असते तर मी त्याच क्षणी निघाले असते. ते तुम्हाला नको होतं.

तरी. थोडा राग राहू द्या माझ्याकडे. बाकी सगळा गेला. किती हलकं वाटतंय म्हणून सांगू! सकाळपासून तीनदा भूक लागली. वर्षभर मी त्या पलंगावरचा तुमचा चेहरा दाराकडे वळलेला पाहत होते, आणि तुम्ही तर तिथं मजेत बेरीज करत बसले होते! तुम्ही वाटच पाहिली नाही. आजवर कोणी माझी वाट पाहिली नाही याचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता.

तर आता शब्द देते. एका जागी बसेन असं सांगणार नाही, ते तुम्हालाही खरं वाटणार नाही. पुढच्या सीझनला परत रासबेरी, का अजून कुठं, मलाच माहीत नाही. पण जिथं जाईन तिथून घरापर्यंत लागणारा खरा वेळ पहिल्या दिवशी आईला सांगेन, डिटेन्शन धरून. प्रत्येक ठिकाणाहून दादाला मेसेज करेन. त्याला आत्ताच बजावलंय, जेवली का, बरी आहेस का, काही विचारायचं नाही, नुसती वेळ लिहायची. म्हणाला, "मले तर वाटलं होतं तुले ते आवडत नाही." मी म्हटलं, "आता आवडते."

आणि या खेपेचा माझा प्रवास, जो कोणी टिपला नाही, तो मी तिकिटं पाहून पाहून तुमच्या वहीत तुमच्या नोंदीखाली लिहिला आहे. एकूण ३३.४०. डिटेन्शन फार झालं, तुम्ही असते तर ओरडले असते. शेवटी "दारात" लिहिलं.

पत्र वहीत ठेवते, वही बॅगेत. बॅग धुतल्यावर. पाणी परत आणावं लागेल.

तुमची, लेट न झालेली,
मितू